आगमनाची तारीख

जितेश अर्जनदास मोटवाणी, वय चौदा,
राहणार गांधीनगर, कापडबाजाराच्या मागली गल्ली.
दुकानावर पाटी: टॉवेल, चादरी, पंचे, होलसेल.
त्याची फाईल दर मुदतीला माझ्या टेबलावर येते
हिरव्या दोऱ्यात बांधलेली,
आणि दर वेळी गाठ सोडली की
आतलं पोरगं चार बोटं वाढलेलं असतं.

पहिल्या फोटोत मान धरत नव्हतं,
मागून आईचा हात दिसतोय, दोन बांगड्यांसकट.
फोटो नियमात बसत नव्हता.
बसवला.

बापाचं सोपं आहे.
आगमन अटारी, तारीख अमुक, शिक्का तमुक.
बहिणीचंही सोपं. रवीना तीन वर्षांची होती,
आईच्या पासपोर्टाच्या कोपऱ्यात चिकटून आली.
अडतं ते याचं.
रकाना नऊ: भारतात आगमनाची तारीख.
रकाना दहा: आगमनाचे ठिकाण.

हा तर सीपीआरमध्ये जन्मला,
दसरा चौकातनं हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर.
यानं कुठली सरहद्द ओलांडली म्हणायची?
मी नवा होतो तेव्हा. साहेबांना विचारलं.
साहेब म्हणाले, रिकामं सोडू नको, वरनं परत येतंय.
मग लिहिलं: आगमनाची तारीख, जन्मतारीख तीच.
ठिकाण: प्रसूती विभाग.

वरनं परत आलं नाही.
चौदा वर्षं त्यावरच चाललंय.
त्या रात्री घरी जेवताना
पाटावर बसलेल्या माझ्या पोरीकडं बघितलं.
हिचं तरी यापेक्षा वेगळं काय लिहिलं असतं?
बायको म्हणाली, भाकरी गार होतेय.

अर्जनदास दर खेपेला विचारतो,
नागरिकत्वाचं कुठवर आलं साहेब?
मी सांगतो, विचाराधीन.
एकदा म्हणाला,
विचाराधीनच्या पुढं कुठलं गाव लागतं?
मी हसलो. तो हसला नाही.

यंदा पोरगं एकटंच आत आलं,
गुडघ्याला माती, गळ्यात बूट अडकवलेले.
पेठेच्या पोरांत गोलकीपर आहे.
जिल्ह्याच्या निवडीत नाव आलंय,
फक्त एक कागद मागतायत, म्हणाला,
तेवढाच नाही.
तो माझ्या टेबलावर मिळत नाही, मी म्हटलं.
माझ्याकडं फक्त नूतनीकरण.

काका, नूतनीकरणात नवं काय होतं?
तारीख, मी म्हटलं.

यंदापासून त्याच्या बोटांचे ठसे.
एकेक बोट हातात धरून शाईवर फिरवायचं,
मग कागदावर, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.
उजव्या हाताची करंगळी काही केल्या उमटेना.
वाकडी आहे ती, म्हणाला,
मागल्या महिन्यात पेनल्टी अडवली.
अडवली का?
अडवली की.
शेवटी करंगळीच्या चौकोनात नुसतीच
पावसाळी चिखलासारखी काळी फरफट.
शेरा लिहिला: बोट जायबंदी, ठसा अस्पष्ट.

हात पुसता पुसता त्यानं अर्ज उलटा फिरवला
आणि पहिल्यांदाच वाचला.
नऊवर थांबला. दहावर थांबला.
म्हणजे मी सीपीआरमधनं भारतात आलो व्हय?
व्हय, मी म्हटलं.
थोडा वेळ विचार केला त्यानं.
मग बरोबरच आहे की, म्हणाला,
समदे तिथनंच येत्यात.

अठरा झाला की बापाच्या अर्जातनं बाहेर,
स्वतःचा वेगळा अर्ज, वेगळी फाईल,
हे त्याला सांगायचं होतं मला.
पण खाली सायकलची घंटी वाजली,
कुणीतरी हाक मारली, ए मोट्या, आवर,
आणि तो शाईच्या हातानंच
जिन्याचा कठडा धरत उतरला.

कठड्यावर आता दहा ठसे आहेत.
करंगळीचासुद्धा, लख्ख.
शिपाई पुसायला निघाला होता.
असू दे, म्हटलं.

दोरा यावेळी जरा सैल बांधलाय.
फाईल अजून जाड व्हायचीय.