चुन्याची अक्षरं

कड्यावर आम्ही दगड मांडले, चुना फासला:
EIRE, देशाचं नाव,
विमानातून वाचता यावं एवढं थोरलं.
म्हणजे, इथे टाकू नका. आम्ही कुणाचेच नाही.

पुढे हुकूम आला, नावाशेजारी आकडाही घाला.
तो आकडा कोणाच्या नकाशात होता,
आम्हीही खोदून विचारलं नाही.

गावातलं एक छप्पर उडालं नाही.
बटाटे वेळेवर निघाले. पोरं शाळेत गेली.
चहाची तेवढी मारामार;
यायचा तो दुसऱ्यांच्या जहाजांतून,
आणि ती जहाजं कोण राखतंय
हा विषय घोट घेताना कुणी काढत नसे.

मग एका पहाटे वाळूला दोघे लागले.
गणवेश वेगळे, पाणी एकच प्यायलेले.
ग्रॉन्याने दोघांचे डोळे मिटले.
तिचा धाकटा पलीकडे भरती झालेला,
घरात न सांगता.
शेजारी शेजारी पुरले त्यांना.
फिनबार म्हणाला, खड्डे सारखेच खोल घ्या रे.

आता नातू विचारतो,
त्या युद्धात तुम्ही काय केलंत, आजोबा?
मी म्हणतो, चुना लावला.

कुणाला, ते तो विचारत नाही.