तळटीप एकोणीस, उशिरा

प्रिय सहकारी,
तुमच्या लेखात मी सहा वेळा आहे.
पानाच्या तळाशी, बारीक टायपात :
माझं नाव, वर्ष, पान एकशे बारा.
आभार मानायची रीत आहे. मानले.

आता बोलतो.

पान एकशे बारावर मी लिहिलं होतं :
‘समुद्र कोणाला काही देत नाही, तो फक्त खाली ठेवतो;
म्हणून वाहून आलेल्या ओंडक्यावर
पहिला हक्क, कदाचित, किनाऱ्याच्या मालकाचा.’
दोन स्वल्पविरामांच्या मधला तो ‘कदाचित’
मी एक अख्खा हिवाळा बसवत होतो.
उट्रेख्टच्या बाईंनी तो गाळला.
माँट्रियालच्या गृहस्थांनी माझा लेख न उघडता
बाईंचा उतारा उचलला,
तुम्ही गृहस्थांचा.
ध चा मा करायला निदान हेतू लागतो.
इथे नुसती घाई.

पुढे दोन खाणकंपन्या भांडल्या
तेव्हा दोन्हीकडच्या वकिलांनी
माझंच वाक्य कोर्टात वाचलं म्हणे,
‘निर्विवाद मत’ म्हणून.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

गेल्या मंगळवारी मी उत्तरेला गेलो, स्ट्रांदिरला.
गुडघा नको म्हणत होता. गाडी नातवानं चालवली.
डांबर संपतं तिथून पुढे दीड तास खडी,
मग एकदम किनारा, आणि ओंडके :
सैबेरियातल्या नद्यांनी सोडलेले,
बर्फात अडकून वर्षानुवर्षं फिरलेले,
मीठ मुरून राखाडी झालेले.
एकाच्या बुंध्यावर करवतीची खूण होती,
कुठल्या तरी वखारीचा पुसट आकडा.
छत्तीस वर्षं मी ओंडक्यांवर अधिकारवाणीनं बोललो
आणि हात लावला तो त्या दिवशी.
उन्हानं कोमट होता.

प्रतिवादी क्रमांक दोन.
निकालपत्रात तिचं नाव एकदाच येतं, तेही चुकीचं.
स्टाइनव्हर हाल्डोर्सदोत्तिर.
तीन ओंडके नेले होते तिनं
मेंढ्यांच्या गोठ्यावर छप्पर घालायला.
हरली. लोकर विकून दंड भरला.
छप्पर तोवर चढलं होतं,
ते उतरवायला कोणी आलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी वही घेऊन उभा,
नवा टाय, नवी पदवी.
विचारलं, तुम्हाला काय वाटतं?
हातमोजे चढवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली :
‘समुद्र कोणाला काही देत नाही, पोरा.
तो फक्त खाली ठेवतो.
गार पाण्यात उतरतं कोण, तेवढं बघायचं.’

पहिली दोन वाक्यं मी घेतली.
तिसरं माझ्या सिद्धांताला अडचणीचं होतं.

तळटीप एकोणीसमध्ये तिचं नाव होतं,
छापताना सुटलं असेल,
असं मी स्वतःला सांगत आलो.
परवा खोका काढून हस्तलिखित पाहिलं.
तळटीप एकोणीसमध्ये एका जर्मन पंडिताचा हवाला आहे.
त्याचा ग्रंथ मी वाचलेला नव्हता.
भारदस्त दिसत होता.

तर एक विनंती.
पुढल्या आवृत्तीत माझं नाव खोडा, तिचं घाला.
‘कोर्टाच्या व्हरांड्यात, हातमोजे घालताना, तोंडी’
असा संदर्भ कसा लिहायचा
हे तुमच्या नियमपुस्तकात नसेल. शोधून काढा.
आणि ‘कदाचित’ राहू द्या बाहेरच.
मला आता त्याची खात्री नाही.

आपला,
थॉरग्रिमूर

ता. क. :
परतताना नातवानं हाताएवढी एक काठी
गाडीत मागच्या सीटवर टाकली.
किनारा कोणाचा, त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
घरभर आता मिठाचा वास येतोय.