अकरा नंबरच्या मुंग्या

पावणेआठ. फोंड्याच्या वॉर्डात
रात्र अजून माझ्याच हातात,
ती द्यायचीय सिस्टर एस्पेरांसाला,
मोजून, चाव्यांच्या जुडग्यासारखी.

चार नंबर: ताप उतरला, पेज घेतली.
सात नंबर: सलाईन सहाला संपलं, दुसरं लावलंय,
सुईची जागा जराशी सुजलीय, बघ.
नऊ नंबरची म्हातारी नळी ओढते,
भांडू नको तिच्याशी,
मुलाचं नाव घेतलं की निवते.
अकरा नंबर: कुष्टा गावडे, निरंकाल,
पोफळीवरून पडला, मनगट प्लास्टरात,
नाडी, बीपी ठीक. खाटेवर मुंग्या आहेत म्हणाला.
चादर झटकली, खाटेच्या पायांना पावडर घातली.
बारा नंबर...

थांब, म्हणाली ती.
पेनाचं टोपण दातांत तसंच.
तो काय म्हणाला? त्याचे शब्द सांग.

माझे शब्द होते वहीत, निळ्या शाईत, टापटीप.
त्याचे कुठे ठेवले मी?
पहाटेचे तीन, पाच नंबरचा मॉनिटर ओरडतोय,
पलीकडे कुणीतरी बेडपॅन मागतंय,
आणि हा, मला त्रास नको म्हणून
भिंतीकडे तोंड करून, हळू:
"मुयो चडटात गो बाय."

चडटात.
पायांतून वर. खाटेला काय करायचंय!

एस्पेरांसा उठलीसुद्धा होती.
तिनं चादर बाजूला केली, औषधांच्या कपाटाची किल्ली
तळव्यावरून ओढली. कळटा?
तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला,
उत्तर न येणाऱ्या पोरासारखा.
मग हालूं नाका, मान हालूं नाका,
मग डॉक्टर, फळी, चाकांची खडखड,
बांबोळीला जाणारी गाडी.

मला ती काही बोलली नाही.
वही तेवढी पुढ्यात सरकवली.
मी 'खाटेवर' खोडलं,
त्याचं वाक्य लिहिलं, त्याच्याच बोलीत.
वेळ: तीन दहा.
आताची नव्हे, तेव्हाची.
बारा नंबर, म्हणाली मग ती.

मडगावच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून
डोळा लागला, आणि बोरीच्या पुलावर
दचकून जागी झाले.
नऊ नंबरच्या मुलाचं नाव
मी सांगितलंच नाही.

वॉर्डातला फोन वाजतोय, उचलत नाही कुणी.
कंडक्टर म्हणतो, बाय, सुटे दी.
खाली झुआरी, भरतीची,
आणि मी मूठ आवळून बसलेय,
मंगलदास, मंगलदास,
कुणी हॅलो म्हणेपर्यंत.