खोबण

पुलावरचा रस्ता बांधकाम खात्याचा.
पुलाखालची दारं आमची, जलसंपदाची.
मधली रेघ दिसत नाही,
पण रंगवणाऱ्याचा ब्रश बरोबर तिथे थांबतो:
वर पिवळा-काळा, दर दिवाळीआधी ताजा,
खाली आमचा गंज.

मांजरीच्या पुढे
दोन नद्या एकाच जोडनावाने चालतात,
पुण्याने वापरून टाकलेलं पाणी
फेस मिरवत येतं, मागे जलपर्णी.
तिथे अकरा दारं.
मी रुजू झाले तेव्हा आठ उचलत होती,
दोन बारा महिने अर्धी उघडी,
आणि सात नंबर मनावर.

‘मनावर म्हणजे?’
इसाक मुलाणी ग्रीसचा डबा
पातळ व्हायला उन्हात सरकवत होते.
‘म्हणजे मॅडम, तुमच्या हँडलवर नाही.’

नकाशात पत्रा दहा मिलिमीटर.
मी मोजला, सहा.
एके ठिकाणी हातोडी पापडातून जावी तशी
आरपार गेली, आणि आम्ही दोघं
त्या भोकातून पलीकडचा बगळा बघत राहिलो.
बांधकामला लिहिलं. त्यांचं उत्तर,
दारांचा विषय आपल्या अखत्यारीतला.
आम्ही लिहिलं, पुलाचा आपल्या.
संदर्भ: आपले पत्र. संदर्भ: आमचे पत्र.
फाईल जाड होत गेली,
पत्रा पातळ.

ऑगस्टात रात्री पावणेबाराला फोन:
खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय,
पहाटेपर्यंत सगळी दारं वर घ्या.
सहापर्यंत चढली.
सातला दोन पोरं हँडलला लोंबकळली,
दाताला दात लागला,
वीतभर वर, आणि मग
गिअरबॉक्समधून असा आवाज
की मी ‘बास’ म्हणायच्या आधीच
पोरांनी हात काढले.

मुलाणींनी खांबाला तळहात लावला.
ताप बघतात तसा.
मग काही न बोलता शिडीने वर गेले.
वर खडीचे तीन हायवा
एकामागे एक, पुढे टँकर,
पलीकडे कुणाची तरी रिक्षा बंद पडलेली.
मुलाणी रस्त्याच्या मधोमध,
एका हातात बॅटरी, दुसरा हात आडवा.
‘मागं घ्या. पूल मोकळा करा.’
‘कोणाच्या ऑर्डरनं?’
काचेतून शिव्या, हॉर्न,
एकाने व्हिडिओ काढायला मोबाईल धरला.
हात आडवाच.

रिक्षा ढकलली, टँकर पुढे काढला,
शेवटचा हायवा उलटा सरकून
पुलावरून उतरला, तेव्हा
खाली सातच्या खोबणीत
टक् असं वाजलं.
एवढंच. बोटं मोडल्यासारखं.
पोरांनी हँडल धरलं
आणि ते इतकं सहज फिरलं
की एकजण तोल जाऊन पडला.
मग पाणी. बोलणं ऐकू येईनासं झालं.

पूल भरला की तुळई केसभर वाकते,
खोबण आवळते, दार अडतं.
नकाशात हे नाही.
तेवीस वर्षं त्यांना ठाऊक होतं.
‘रजिस्टरला का नाही लिहिलंत?’
त्यांनी पान उघडून दाखवलं:
तारीख, पातळी, दार क्रमांक, ग्रीस किलो,
आणि कडेला शेरा,
रकाना असा अरुंद की त्यात
‘ठीक’ तेवढंच मावतं.
तेवीस वर्षांचं ‘ठीक’, एका हातातलं.

मे महिन्यात ते निवृत्त झाले.
नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
जाताना ग्रीसचा डबा सावलीत ठेवून गेले.

मी रकान्याची रेघ ओलांडून लिहिलं:
सात नंबर उचलताना पूल रिकामा असावा.
वरून पान परत आलं,
बाजूला लाल शाईत: आधार काय?
अजून उत्तर दिलेलं नाही.
तळहात असं लिहिता येत नाही.

रोज संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाते.
नवा पिवळा रंग, नवे रिफ्लेक्टर,
खाली काय आहे ते वरून कळत नाही.
सातवर आले की
अंग चोरून घेते.
मागचा हॉर्न देतो.