हातावरचा कागद

मोहाळीच्या आरोग्य केंद्रात
लसींच्या फ्रीजशेजारी बारा खुर्च्या.
नागपूरहून आलेल्या मॅडमनी विचारलं,
दारूच्या पेशंटला तुम्ही काय म्हणता, लिहा.
खडू हातोहात फिरला.
बेवडा. ढोसऱ्या. पिदक्कड.
'आला वापस'
हे शेवटचं माझं.
केसपेपरवरही लिहिलंय दोनदा,
निळ्या शाईत, वळणदार अक्षरात.

मॅडमनी काहीच पुसलं नाही.

दुपारी म्हणाल्या, आता कोणीतरी पेशंट व्हा.
कंपाउंडर झुलत आला,
वजनकाट्याला सलाम ठोकला, पडला, उठला.
आम्ही पोट धरून हसलो.
खर्ऱ्याची पन्नी खिशात दाबत
आरोग्यसेवक गेडामही हसले.

हा पिऊन आलेला, मॅडम म्हणाल्या.
तीन दिवस न पिता आलेला कोण दाखवतं?

दाराशी चहाचे कप गोळा करत होता
शिपाई दौलत नन्नावरे.
'मी करू का जी?'

स्टुलावर बसला. हात पुढे केले, बोटं फाकवली.
मॅडमनी त्यावर हजेरीचा कागद ठेवला,
कंप नीट दिसावा म्हणून.
कागद फडफडला.
पंखा बंद होता,
लाइट तर सकाळपासूनच गेलेली.

'लई भारी करते बाप्पा,' मागून कोणीतरी.
मग कोणीच काही नाही.

सहा वर्षं मी याच्या शेजारी ड्रेसिंग करते.
त्यानं धरलेल्या ट्रेची किणकिण
मी त्याच्या वयाच्या खात्यात टाकली होती.
वय एक्केचाळीस.

'सिस्टर, प्रश्न तुम्ही विचारा.'
छापील तक्ता होता माझ्या मांडीवर.
शेवटचा घोट कधी. झटका आला का.
भिंतीवर मुंग्या दिसतात का.
सगळं विचारायचंच होतं, विचारलंही, पण नंतर.
आधी तोंडातून निघालं,
दौलत, झोप लागते का रे?

त्यानं कागदाकडेच पाहिलं.
'मंगळवारी सोडली. तवापासून नाई.'
मग हळूच,
'रोज इथंच तर येतो, ताई.
पेपर काढून दे म्हणावं कोणाले?'

मी ड्रॉवरमधून कोरा केसपेपर काढला.
नाव, गाव, वय.
तक्रारीच्या रकान्यात त्याचेच शब्द उतरवले,
एकही कमी-जास्त न करता.
अक्षर तेवढं वळणदार आलं नाही.

आणखी कोणी पेशंट होणार का,
मॅडमनी विचारलं.
कोणी उठलं नाही.
गेडामांचा हात
अजून खिशावरच होता.