तिसरं बोअर

तिसऱ्यांदा आलंय हे इंजिन माझ्या टेबलावर.
केरोसीनने पुसलं तेव्हा ब्लॉकच्या कडेला
पंचाने ठोकलेला पन्नासचा आकडा दिसला
आणि शेजारी एक एच,
हुसेनी मिस्त्रींचा, डावीकडे कललेला,
कारण उजव्या अंगठ्याचं पेर त्यांनी
तरुणपणीच भोसरीतल्या एका प्रेसला दिलं होतं.

तेव्हा ते दिव्याच्या रंगनाथ झेंड्यांच्या ट्रॅक्समध्ये होतं.
हडपसर-सासवड वडाप,
नवाच्या जागी सतरा माणसं, टपावर अंजिराच्या पाट्या,
दिवे घाट दुसऱ्या गिअरात.
काटा लालीत गेला की झेंडे खाली उतरून
बॉनेटवर हात फिरवायचे
आणि पाण्याचा कॅन उघडण्याआधी
एक विडी पूर्ण ओढायचे.

ट्रॅक्स पुढे भंगारात गेली. इंजिन गेलं नाही.
भवानी पेठेत कुणीतरी ते तोलावर न घेता नगावर घेतलं
आणि वाघोलीच्या खडीमशीनला जोडलं.
चार वर्षं जागच्या जागी धावलं,
धूळ खात, काळंकुट्ट तेल पीत.
मग माझ्याकडे. एक मिलिमीटर. ठोका माझा.
हुसेनी स्टुलावर बसून एवढंच म्हणाले,
घाई नको, लोखंडाला कळतं.

आता आणलंय मृण्मयी दांडेकरांनी.
दातांच्या डॉक्टर, दवाखाना कर्वेनगरला.
रविवारी मुळशीकडे ओढ्यात जीप घालतात,
रस्ता संपला की ह्यांचं सुरू होतं.
म्हणाल्या, नवं मिळतं हो, कॉम्प्युटरवालं,
पण ते पाण्यात गुदमरतं. हे नुसतं खोकतं.
अजून किती चालेल?

डायल गेज आत सोडला.
कातायला जागाच उरली नव्हती, भिंत पातळ.
स्लीव्ह ठोकल्या, चारही.
म्हणजे माप पुन्हा मूळचं.
पन्नास, शंभर, आणि त्यापुढे
मी शून्य ठोकलं. हात जरा अडला.

अकराव्या दिवशी हीटर लावून चालू केलं.
एकतीस वर्षं मशीनपाशी उभा आहे मी,
डावा कान गेला, उजवा निघायच्या तयारीत.
म्हणून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं
आणि लाकडी मूठ दातांत धरली.
डॉक्टर काहीतरी ओरडल्या,
ओठ हललेले दिसले.

एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
जबड्यातून कवटीत, कवटीतून मानेत.
तिसऱ्यात किंचित खरखर,
नवी स्लीव्ह आहे, रुळेल.
पण आणखी एक आवाज होता, बारीक,
टॅपेटचा नाही, पंपाचा नाही,
टायमिंगला न जुळणारा.
बराच वेळ शोधत राहिलो.

बिल देताना त्यांनी कार्ड पुढे केलं.
मंगळवारी या, काका.
खालची दाढ हलतेय तुमची.