पोटात गोळा

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत अकरा खून झाले.
सगळे मिस्टर हुदाक यांनी केले,
आणि प्रत्येक मयताला नंतर बर्फाचा एक गोळा फुकट.

यंग्सटाऊन, ओहायो. पोलादाची भट्टी थंड पडून बरीच वर्षं झालेली.
लॉनी पेट्राकिस व्हिडिओच्या दुकानात कॅसेटी उलट्या फिरवायचा,
त्यानं ठरवलं, पिक्चर काढायचा.
भांडवल : तीनशे दहा डॉलर,
लग्नांची शूटिंगं घेणाऱ्या मामाचा कॅमेरा,
आणि एक खुनी गोळेवाला,
जो उधारी ठेवणाऱ्यांना बर्फाच्या टोच्यानं संपवतो.

हुदाक खरेच गोळे विकायचे.
गाडी त्यांची, घंटी त्यांची, पांढरी टोपी त्यांची.
फक्त खून लॉनीचे.

मरायला माणसं शोधावी लागली नाहीत,
रांग लागली.
कामं सुटलेली, सवड भरपूर,
आणि इथं निदान कुणीतरी नाव लिहून घेऊन
उद्या सकाळी नऊला या, असं सांगत होतं.

मिसेस दिरेन्झोंनी चर्चच्या पातेल्यात
कॉर्न सिरप, चेरीचा रंग, चिमूटभर कोको
तीन तास ढवळलं.
आमच्या पिक्चरसाठी खरोखर रक्त आटवलं
ते त्यांनी एकट्यांनी.
गोड रक्त. प्रेतांना मुंग्या आल्या,
हातापायांतल्या नव्हे, गवतातल्या,
आणि पोस्टमन व्हर्जिल मरता मरता
सरळ उठून नळाकडे पळाला.
लॉनीनं ते तसंच ठेवलं.
कॅसेट महाग होती.

माझं वय नऊ. काम : दिवा धरणं.
म्हणून मी सगळे खून जवळून पाहिलेत.
म्हणून मला माहीत आहे की हुदाक
प्रत्येक वेळी टोचा खुपसला की
खाली वाकून हळूच विचारायचे,
"लागलं नाही ना?"
लॉनी ओरडायचा, कट! खुनी असं विचारत नसतो!
हुदाक टोपी काढून म्हणायचे, बरोबर आहे.
आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे.

सातवा खून माझ्या वडिलांचा.
दोन वर्षं ते स्वयंपाकघराच्या खुर्चीत
बंद टीव्हीकडे बघत बसलेले.
आईनं ढकलून पाठवलं, तर आले,
एकाच टेकमध्ये मेले,
आणि कट म्हटल्यावरही उठले नाहीत.
चाळीस मिनिटं गवतात आडवे,
छातीवर चेरी, तोंडावर ऊन.
आम्ही आठवा खून त्यांना वळसा घालून केला.
संध्याकाळी घरी आले, दोनदा वाढून घेतलं.

चर्चच्या तळघरात चादरीवर पिक्चर लागला.
बासष्ट खुर्च्या, लोक दीडशे.
भीतीच्या जागी हसले,
हसायच्या जागी हसून हसून खोकले.
कॅसेटवर आधी कुणाचं तरी लग्न होतं,
ते नववा खून चालू असताना दोन सेकंद वर आलं :
नवरी केक कापते आहे.
त्याला सगळ्यांत मोठी टाळी.

पुढं आठवडाभर घंटी वाजली की
पोरं किंचाळत पळायची,
कोपऱ्यापर्यंत जाऊन
मुठीत नाणी घेऊन परत यायची.
पोटात गोळा आल्याशिवाय
गोळ्याला चव नाही, असं आमचं तेव्हाचं मत होतं.

हुदाक गेले. लॉनी फिनिक्सला, टाइल्स विकतो.
वडील हॉस्पिटलात गेले, सावकाश, नळ्यांसकट,
त्याचं मी काही सांगणार नाही.

कॅसेट माझ्याकडे आहे.
सातव्या खुनापाशी मी आवाज वाढवते.
टोचा आत जातो. वडील पडतात.
हुदाक वाकतात, दिवा थोडा हलतो, ती मी,
"लागलं नाही ना?"

आणि माझे वडील, मेलेले,
डोळे मिटलेले,
अगदी थोडी मान हलवतात :
नाही.